विषय: आमच्या गाडीला न झेपणारा ट्रेलर विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ट्रेलर विक्री विभाग

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी माझे पाचव्यांदा बोलणे झाले. सहाव्यांदा फोन करणार नाही, म्हणून लिहितो आहे.

एप्रिलमध्ये तुमच्या दारात आलो तेव्हा पहिलाच प्रश्न विचारला होता. आम्ही घरची पाच माणसे, सात सीटांची एसयूव्ही, फ्रीमाँटहून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जायचे आहे. या गाडीला किती वजनाचा राहण्याचा ट्रेलर झेपेल? विक्रेत्याने गाडी किती ओढते ते विचारले. मी 5000 पौंड म्हणालो. ट्रेलर 3840 पौंडांचा. "मग 1160 पौंड शिल्लकच आहेत," असे म्हणून त्याने सहीचे कागद पुढे केले. गाडी बाहेरच उभी होती. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पेलोडचा, म्हणजे माणसे, सामान आणि ट्रेलरचा गाडीवर टेकणारा भार मिळून गाडी किती वजन पेलते त्याचा, स्टिकर असतो, तो पाहायला तो उठलाही नाही. मला तेव्हा त्यातले काही कळत नव्हते. त्याचा तर तो धंदा आहे.

3840 हे रिकाम्या ट्रेलरचे वजन. 30 गॅलनची टाकी भरली की नुसत्या पाण्याचेच 250 पौंड होतात. वर गॅसच्या दोन टाक्या, बॅटरी, भांडी, अंथरुणे. आणि गाडीचा 5000 हा आकडा काढतात तेव्हा आत दोनच माणसे धरतात, तीही प्रत्येकी 150 पौंडांची. आम्ही पाच जण आहोत हे मी पहिल्याच वाक्यात सांगितले होते.

जूनमध्ये 580 महामार्गावर अल्टामाँटच्या पवनचक्क्यांपाशी आडवा वारा लागला. गाडीचा मागचा भाग दबलेला, नाक वर, स्टिअरिंग हातात हलके. ट्रेलर डावीकडे-उजवीकडे हिसके देऊ लागला. मी अॅक्सिलरेटर सोडला आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबले, तेव्हा कुठे तो सरळ झाला. एरवी वेग जरा वाढला तरी "हळू रे" म्हणणारी माझी आई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसली होती.

ट्रेसीच्या पुढे ट्रक-स्टॉपच्या वजनकाट्यावर गाडी दोनदा चढवली, ट्रेलरसकट आणि सोडून. ट्रेलर 4720 पौंड. त्यातले 610 पौंड हिचवर, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर, आणि आमच्या हिचची मर्यादा 500. पेलोड 1270; माणसे 630, डिकीतले सामान 120, हिचवरचे 610, एकूण 1360. म्हणजे कागदावरच्या 5000 मध्ये आम्ही बसतो, पण पेलोड आणि हिच या दोन्ही मर्यादा ओलांडतो. दोन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत.

आता आजचा फोन. हे सगळे आकडे मी वाचून दाखवले. तुमचा माणूस म्हणाला, "सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला सरकवा, हिचवरचा भार कमी होईल." ट्रेलर विकणाऱ्या कंपनीचा माणूस हे सांगतो! ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर हवाच, नाहीतर तो जास्तच डुलतो. आमचा भार 13 टक्के आहे, म्हणजे सामान जिथे हवे तिथेच आहे. मी हे सांगितल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मग पाचही जण जायलाच हवेत का? आजींना यावेळी घरी ठेवा." मी पुन्हा विचारले, काय म्हणालात? त्याने शांतपणे तेच वाक्य पुन्हा उच्चारले. फोन स्पीकरवर होता. आई समोर भाजी निवडत बसली होती. तिला इंग्रजी कळते.

ट्रेलर घेतला तोच तिच्यासाठी. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली आहे, गुडघ्यांमुळे तंबूत झोपता येत नाही. हेही मी एप्रिलमध्ये सांगितले होते.

माझी मागणी साधी आहे. हा ट्रेलर परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या, किंवा पूर्ण भरल्यावरही 3500 पौंडांच्या आत राहील असा ट्रेलर बदलून द्या आणि फरकाची रक्कम परत करा. दुसरा ट्रेलर देण्याआधी आमच्या दारावरचा स्टिकर तुमच्या माणसाने स्वतः वाचावा आणि हिशोब लेखी द्यावा. "ब्रोशरमध्ये वजन छापले आहे" हे उत्तर चार वेळा ऐकले आहे. ब्रोशरमध्ये रिकाम्या ट्रेलरचे वजन आहे, आणि रिकामा ट्रेलर घेऊन कोणी योसेमिटीला जात नाही.

15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीच्या, म्हणजे मोटार वाहन खात्याच्या, तपास विभागाकडे तुमच्या डीलर परवान्याविरुद्ध तक्रार जाईल आणि छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात दावाही. हे पत्र मराठीत सगळ्यांसमोर ठेवतो आहे, कारण आमच्या ओळखीतली दोन कुटुंबे माझ्याच सांगण्यावरून पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येणार होती. त्यांना मी काल फोन करून थांबवले.

आजच्या कॉलचे रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल. व्यवस्थापकांनी ते स्वतः ऐकावे, आणि माझ्या आईची माफी मागावी. माझी नको, तिची.

एक ग्राहक, फ्रीमाँट