‘शाळा’ला न्याय कुणी मागितला होता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कादंबऱ्यांवरून निघालेल्या चित्रपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत वाचकांची पत्रं येत आहेत. त्यात मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चा विषय निघणारच होता. निघाला, आणि लगेच दोन तट पडले. एकीकडे ‘पुस्तकाची सर नाही’ म्हणणारे, दुसरीकडे ‘मूळ कलाकृतीला पुरेपूर न्याय दिला’ म्हणणारे. मी तीस वर्षं नववीला मराठी शिकवलं. नववीतल्या पोराच्या गोष्टीवर बोलायला एवढी पात्रता पुरावी.

आधी त्या ‘न्याया’चं बघू. कादंबरीवरचा चित्रपट आला की आपल्याकडच्या समीक्षणात तिसऱ्या-चौथ्या ओळीत हा शब्द हमखास येतो. अहो, कादंबरी काय फिर्याद घेऊन आली होती? न्याय दिला म्हणजे नेमकं काय केलं, हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.

सुजय डहाके यांचा हा चित्रपट २० जानेवारी २०१२ला लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तो पाहिला. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. पडद्यावरची मुलं तोंड उघडायच्या आत ते गृहस्थ पुस्तकातलं वाक्य पुटपुटायचे आणि वाक्य आलं नाही की ‘च्च’ करायचे. मध्यंतरात पत्नीला म्हणाले, “निम्मं गाळलंय यांनी.” त्यांना हसावं असं मला वाटलं नाही. नमुना उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर तपासायची सवय मलाही आहे. मुद्दा सुटला की अर्धा गुण कापायचा. पण अशा तपासणीत मुलाने काय लिहिलंय ते वाचायचं राहून जातं, हेही मला चांगलं ठाऊक आहे.

तीनशेच्या घरातल्या पानांची कादंबरी दोन तासांत बसवायची तर गाळावं लागणारच, त्यात शोध कसला? आणि गंमत बघा. ज्या पटकथेत ‘निम्मं गाळलं’, तिलाच दोन महिन्यांत ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला. तो अविनाश देशपांडे निगडी यांचा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटही ‘शाळा’च ठरला. म्हणजे वाचकांनी जिथे गुण कापले, नेमके तिथेच परीक्षकांनी पैकीच्या पैकी दिले. बक्षीस मिळालं म्हणून वाचकांनी गप्प बसावं, असं मी म्हणत नाही. त्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटलं ते खरंच आहे, पण ते शोधतायत भलत्याच जागी.

प्रसंग गळाल्याचं दुःख फार नाही. गेलाय तो नववीतल्या मुकुंद जोशीचा आवाज. कादंबरी सगळी त्याच्या तोंडून येते. मोठेपणी मागे वळून सांगितलेली ती आठवण नाही, त्या वयातलं त्याच वयाच्या भाषेत आलेलं बोलणं आहे. त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या शिरोडकरसमोर त्याच्या तोंडून जेमतेम एक वाक्य निघतं आणि डोक्यात पानभर चाललेलं असतं. बाई, सर, बहीण, मित्र, कुणालाही तो मनातल्या मनात सोडत नाही. बोलणं आणि मनातलं यांच्यातल्या त्या फटीत पुस्तकातलं सगळं हसू आहे. कॅमेऱ्याला दिसतो तो गप्प उभा असलेला मुलगा. मुकुंद झालेल्या अंशुमन जोशीने ते गप्प उभं राहणं छान केलंय. आवंढा गिळावा, मान वळवायची की नाही याचा विचार करावा, तेवढ्यात ती निघून गेलेली असावी, हे नववीचंच आहे. पण तो वेगळा मुलगा आहे, पुस्तकातल्यापेक्षा अबोल आणि थोडा दुःखी. पुस्तकातला मुकुंद मला हसवतो, पडद्यावरचा काळजीत टाकतो. समीक्षकांनी यावर लिहायला हवं होतं.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. कादंबरीभर ती फक्त ‘शिरोडकर’ आहे. वर्गातल्या मुलीचा उल्लेख आडनावाने करण्याच्या काळातली माणसं तिथे स्वतःच्या वर्गातली कुणीतरी बसवून मोकळी होतात. पडद्यावर केतकी माटेगावकरने ते काम समजून केलंय. तिचा दोष एवढाच की तिला एक ठरावीक चेहरा आहे. २०२४मध्ये प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला छोटा लंपन मालिकेतून आला, तेव्हाही माझ्या एका मैत्रिणीने पहिला भाग संपायच्या आत बंद केला. “माझा लंपन असा नाही,” म्हणाली. कसा आहे, ते मात्र सांगता येईना.

माझी तक्रार असलीच तर वेगळी आहे. चित्रपट जरा जास्तच देखणा आहे. दिएगो रोमेरो यांच्या छायाचित्रणाचं कौतुक झालं ते रास्तच, पण आणीबाणीतलं ते वर्ष इतकं हिरवंगार आणि सोनेरी उन्हातलं दिसतं की त्याचा धाक वाटत नाही. पोरं ज्या अर्धवट बांधकामात अड्डा टाकतात, तिथल्या सिमेंट-वाळूचा वास पुस्तकात येतो. पडद्यावर नाही आला.

निवृत्त व्हायच्या आधी मी हा चित्रपट एकदा वर्गात दाखवला. पुस्तक एकानेही वाचलेलं नव्हतं, त्यामुळे काय गाळलं याची कुणाला फिकीर नव्हती. शिरोडकर गाव सोडून जाते तिथे मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. चित्रपट संपल्यावर एका मुलाने विचारलं, “बाई, नुसतं बोलायला इतके दिवस का लावतात हे?” मी काही बोलायच्या आत पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून म्हणाली, “तू तरी कुठे बोलतोस?” सगळा वर्ग हसत सुटला. त्या आठवड्यात ग्रंथालयातल्या ‘शाळा’च्या दोन्ही प्रती बाहेर गेल्या. त्यातली एक परत आली तेव्हा तिच्यात पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या, सगळ्या मुकुंदच्या मनातल्या बोलण्यावर. ते मी खोडायला लावलं नाही.

आपल्याकडे छापून येणाऱ्या प्रतिक्रिया बहुतेक पुस्तक पाठ असलेल्यांच्या असतात, माझ्यासकट. ज्यांच्या वयाची ही गोष्ट आहे, त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा एखादा कॉलम करता येईल का? त्या तासाला मी प्रत्येकाला दहा ओळी लिहायला लावल्या होत्या. ते कागद अजून माझ्या कपाटात आहेत. शुद्धलेखनाकडे काणाडोळा करणार असाल, तर नावं झाकून पाठवते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका