अवयव ‘छापले’ म्हणताना एवढं तरी सांगा

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात एक काकू दाढ भरायला आल्या होत्या. सिमेंट भरून मी नेहमीसारखा निळा लाईट मारला, वीस सेकंद, आणि तोंड मोकळं झाल्याझाल्या त्यांनी पर्समधून पेपरचं कात्रण काढलं, म्हणाल्या डॉक्टर हाच का हो तो लाईट, याच्यानेच आता गुडघ्यात जेल घट्ट करतात ना? त्यांना सांधा बदलायला सांगितलाय, पण बातमी वाचल्यापासून त्या वर्षभर थांबायचं म्हणतायत. प्रकाशाने जेल घट्ट करत थरावर थर रचून अवयव ‘छापले’ अशा बातम्या हल्ली येतात, म्हणून हे पत्र.

काकूंचा अंदाज तसा चुकीचा नव्हता, आणि मला त्याचंच कौतुक वाटलं. दातात भरायच्या त्या सिमेंटमध्ये, म्हणजे कॉम्पोझिटमध्ये, जो मेथाक्रिलेट नावाचा रासायनिक गट असतो तोच जिलेटिनला जोडला की जेलमा नावाचं जेल तयार होतं. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात तेच. ते पाण्यात विरघळवायचं, त्यात जिवंत पेशी मिसळायच्या, प्रकाशाने जागं होणारं एक रसायन चिमूटभर टाकायचं आणि जांभळट-निळा प्रकाश पाडायचा, की पातळ द्रव बघता बघता जेलीसारखा धरतो आणि पेशी आत जिवंत राहतात. जिलेटिनला पेशी धरून बसतात, हळूहळू ते कुरतडून स्वतःची जागाही करतात, हे साध्या प्लास्टिकच्या जेलमध्ये होत नाही. आमच्याकडे भरलेल्या दाताचा अगदी वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे जरा चिकट राहतो, तीच कटकट या जेलवाल्यांनाही आहे! आणि आम्ही जसं एका वेळी साधारण दोन मिलीमीटरच भरतो कारण प्रकाश त्याच्या खाली नीट पोचत नाही, तसं त्यांनाही खोलीचं गणित सांभाळावंच लागतं.

आता गुडघा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या जेनिफर एलिसेफ यांच्या गटाने २०१३ साली निकाल प्रसिद्ध केले, १५ पेशंटच्या गुडघ्यात प्रकाशाने घट्ट होणारं जेल भरलं होतं, खालच्या हाडाला बारीक भोकं पाडून वर जेल, आणि ते जागेवर टिकावं म्हणून खाली एक जैविक गोंद. सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये खड्डा चांगला भरलेला दिसला. पण तो खड्डा होता, कूर्चेत, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असतो त्या गुळगुळीत थरात, एका जागी पडलेला, बाकी गुडघा बरा असलेल्या लोकांचा. काकूंचा सांधा सगळाच झिजलाय. हा फरक कात्रणात कुठेच नव्हता, आणि एका बाईने आपलं ऑपरेशन त्याच्यावर अडवून ठेवलं होतं.

छापलेल्या फुप्फुसाचंही तसंच. २०१९ मध्ये राइस विद्यापीठाचे जॉर्डन मिलर आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केली स्टीव्हन्स यांच्या टीमने जेलमध्ये हवेची पिशवी आणि तिच्याभोवती रक्ताच्या नळ्या प्रकाशाने थर-थर करून उभ्या केल्या, आणि प्रकाश खालच्या थरात झिरपू नये म्हणून टार्ट्राझिन वापरलं, म्हणजे खाण्याचा पिवळा रंग! मी वाचलं तेव्हा खरंच खुर्चीतून उठलो. इतकी साधी गोष्ट, आणि तिने एवढं मोठं काम सोपं केलं. पण ते फुप्फुसाचं लहानसं मॉडेल होतं, छातीत बसवायचं फुप्फुस नाही. जाड अवयवात अडतं ते रक्तावर, पेशी रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलीमीटरहून लांब गेली की तिला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि ती मरते, म्हणून मूत्रपिंड छापणं आणि पातळ थर छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळं मी बातम्या बंद करा म्हणून लिहीत नाही, उलट जास्त छापा. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर हवा गळू नये म्हणून प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाला अमेरिकेत २००० सालीच मंजुरी मिळाली होती, म्हणजे हे काही कालपरवाचं नाही, आणि यातलं जे खरं आहे ते वाचायलाही भारी आहे. फक्त प्रत्येक बातमीत चार ओळी टाका. प्रयोग कशावर झाला, उंदीर, ससा की माणूस. किती जणांवर. तुकडा केवढा होता, मिलीमीटरमध्ये. आणि किती महिने टिकला. वार्ताहराला हे मूळ संशोधनात सापडतं, नसेल सापडत तर विचारता येतं.

काकूंना मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे परत पाठवलंय, जाताना कात्रण त्या माझ्याच टेबलावर ठेवून गेल्या.

– एक दंतवैद्य, सातारा