भुलीच्या औषधाचे नाव डिस्चार्ज कार्डावर हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावल्याच्या बातम्यांत ‘भुलीचा डोस जास्त झाला’ हे वाक्य हमखास वाचायला मिळते. एखाद्या प्रकरणात ते खरेही असेल. परंतु श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधांचा अपाय केवळ मात्रेवर ठरत नाही. शरीर त्या औषधाचे पुढे काय करते, यावरही तो अवलंबून असतो. त्याविषयी आणि त्यातून निघणाऱ्या एका साध्या मागणीविषयी हे पत्र आहे.

हुंगवलेले औषध फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते आणि भूल उतरताना त्यातील बहुतांश भाग उच्छ्वासावाटेच बाहेर पडतो. उरलेल्या भागाचे विघटन प्रामुख्याने यकृतात, सायटोक्रोम पी४५० कुळातील ‘२ई१’ या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होते. हा उरलेला भाग औषधागणिक फार वेगळा असतो: हॅलोथेनचा सुमारे २० टक्के, सेवोफ्लुरेनचा २ ते ५ टक्के, आयसोफ्लुरेनचा ०.२ टक्के आणि डेस्फ्लुरेनचा जेमतेम ०.०२ टक्के. नियमित मद्यपानाने हे विकर वाढते, तसेच क्षयरोगावरील आयसोनायझिड या औषधानेही वाढते आणि मग विघटनही वाढू शकते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ दारूविषयी आणि चालू गोळ्यांविषयी खोदून विचारतात. त्या प्रश्नांना चारचौघांत संकोचून खोटे उत्तर देणे रुग्णाच्या हिताचे नसते.

हॅलोथेनचा इतिहास या बाबतीत सर्वांत बोलका आहे. १९५६ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे ते प्रथम रुग्णांना देण्यात आले. ईथर या जुन्या, ज्वालाग्राही भुलीच्या औषधाच्या उलट पेट न घेणारे, वासाला सुसह्य आणि मुलांनाही सहज हुंगवता येणारे हे औषध काही वर्षांतच जगभर पसरले आणि त्यापाठोपाठ शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी ताप व तीव्र कावीळ झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. अमेरिकेत साडेआठ लाखांहून अधिक भुलींच्या नोंदी तपासून १९६६ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात असा यकृतनाश अत्यंत विरळ असल्याचे दिसले. कारणाचा उलगडा पुढे झाला. हॅलोथेनच्या विघटनातून तयार होणारा ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिल हा घटक यकृतातील प्रथिनांना चिकटतो, काही मोजक्या व्यक्तींची प्रतिकारशक्ती त्या बदललेल्या प्रथिनांना परके समजते आणि पुन्हा हॅलोथेन दिले गेले की स्वतःच्याच यकृतावर तुटून पडते. तेव्हा ‘मागच्या वेळी तर काहीच झाले नव्हते’ हा दिलासा येथे फसवा ठरतो, कारण धोका दुसऱ्या खेपेलाच अधिक असतो. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८६ मध्ये दोन हॅलोथेन भुलींत किमान तीन महिन्यांचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला तो यामुळेच. आपल्याकडे मात्र स्वस्त असल्याने हे औषध पाश्चात्त्य देशांतून मागे पडल्यावरही बरीच वर्षे वापरात राहिले. आयसोफ्लुरेन व डेस्फ्लुरेन यांचे विघटन याच वाटेने, पण अत्यल्प होते. सेवोफ्लुरेनपासून हा घटक तयारच होत नाही.

मूत्रपिंडांचा प्रश्न निराळा आहे. १९६० च्या दशकातील मेथॉक्सिफ्लुरेनचे निम्म्याहून अधिक विघटन होऊन रक्तात फ्लोराइड साचे आणि मूत्रपिंडांची लघवी घट्ट करण्याची क्षमता जाऊन रुग्णाला पाण्यासारखी भरमसाट लघवी होई. त्यावरून रक्तातील फ्लोराइडची ‘लिटरमागे ५० मायक्रोमोल’ ही धोक्याची रेषा रूढ झाली. पुढे सेवोफ्लुरेन आले आणि काही रुग्णांत ती रेषा ओलांडली जाऊनही मूत्रपिंडे शाबूत राहिली! मेथॉक्सिफ्लुरेन चरबीत दीर्घकाळ मुरून राहते आणि त्याचे विघटन खुद्द मूत्रपिंडातही होते, तर सेवोफ्लुरेन झटपट बाहेर पडते, असा याचा अर्थ लावला जातो. माझ्या मते रक्तातल्या एकाच आकड्यावरून विषारीपणा ठरवण्याच्या सवयीला याहून चांगले उत्तर नाही. भुलीच्या यंत्रात उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी ठेवलेल्या सोडा लाइमशी सेवोफ्लुरेनची रासायनिक क्रिया होऊन बनणाऱ्या ‘कंपाउंड ए’ने उंदरांच्या मूत्रपिंडांना इजा केली, पण माणसांत तशी इजा सिद्ध झालेली नाही.

नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूची गंमत उलटी आहे. शरीर त्याचे जवळजवळ काहीच विघटन करत नाही, तरीही ते ब १२ जीवनसत्त्वातील कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करून ते जीवनसत्त्वच निकामी करते. १९५६ मध्ये डेन्मार्कमधील धनुर्वाताच्या रुग्णांना हा वायू दिवसचे दिवस दिल्यावर त्यांच्या अस्थिमज्जेचे काम मंदावल्याचे आढळले. नेहमीच्या शस्त्रक्रियेतील तास-दोन तासांत निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही; परंतु ज्याचे ब १२ आधीच फार कमी आहे, अशा रुग्णाच्या मज्जारज्जूला अपाय झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. शाकाहारी कुटुंबांत ही कमतरता सर्रास आढळते, याचा विचार आपल्याकडे अधिक व्हायला हवा.

इतके सारे औषधाच्या नावावर अवलंबून असताना, अनेक डिस्चार्ज कार्डांवर केवळ ‘जनरल अ‍ॅनेस्थेशिया’ एवढीच नोंद असते. दुसऱ्या गावी, दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आल्यास तेथील भूलतज्ज्ञाला त्यातून काहीच कळत नाही. वापरलेल्या प्रत्येक भुलीच्या औषधाचे नाव, तारीख आणि नंतर ताप किंवा कावीळ झाली असल्यास तिचा उल्लेख, एवढ्या दोन ओळी कार्डावर लिहिणे आरोग्य विभागाने सक्तीचे करावे. तोवर नातेवाइकांनी भुलीच्या नोंदपत्रकाची प्रत स्वतःच मागून घ्यावी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र आंतररुग्णांच्या नोंदी जपून ठेवण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे असल्याने ही मागणी घरी जाण्यापूर्वीच केलेली बरी.

आपला,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, सातारा