पाटी उतरवली त्याविषयी

विश्रामबाग, सांगली
दि. १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "शेवटी पळालास की रे" म्हणालास, त्यावर मी काही बोललो नाही. अशा गोष्टी फोनवर बोलायला गेले की त्यांचे भांडण होते आणि मग ते महिनोन्महिने तसेच राहते. म्हणून सवडीने लिहितो आहे. आज रविवार आहे आणि रविवारी मला सुटी असते, हेही तुला कळवण्याजोगेच आहे.

आधी हकीकत सांगतो. डिसेंबरअखेर माझे आर्किटेक्टचे ऑफिस बंद केले, पाटी उतरवली, मोठे नकाशे छापणारा प्लॉटर इथल्याच एका झेरॉक्सवाल्याला विकला (त्याने माझ्या अपेक्षेपेक्षा बरा भाव दिला), आणि जानेवारीपासून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालो. इमारतीचा नकाशा बांधकामाच्या नियमावलीला धरून आहे की नाही, हे तपासणारी प्रणाली ही कंपनी तयार करते. नियमाचा अर्थ काय, तो कुठे लागू होतो आणि कुठे त्याला अपवाद आहे, हे प्रोग्रॅमरांना समजावून सांगायचे आणि त्यातला काही भाग स्वतः पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचा, असे माझे काम आहे. बहुतेक दिवस घरी बसूनच काम चालते. पुण्याला अधूनमधून जावे लागते.

आता तुझ्या त्या 'पळालास'कडे येतो. वास्तुकलेचा मला कंटाळा आला, असे तुला वाटत असेल तर तसे नाही. नकाशा मांडायला बसल्यावर भूक-तहान विसरणारा मी आजही तोच आहे. कंटाळा आला तो आपल्या व्यवसायात पैसे कशाचे मिळतात याचा. आपल्या इकडे आर्किटेक्टला पैसे मिळतात ते सहीचे. त्या सहीच्या आधी जो विचार करायचा असतो, तो गिऱ्हाइकाच्या हिशेबी फुकटच असतो. हे मी रागाने म्हणत नाही. ज्या कामामुळे ते मला पुरते उमगले, ते काम सांगतो, म्हणजे तुला पटेल.

गावभागातल्या एका निवृत्त गृहस्थांनी जुने घर पाडून नवे बांधायचे ठरवले. जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधली, म्हणजे पुराचा धोका धरून जिथे अटींवरच बांधकाम करता येते अशी. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा तुमच्या कोल्हापुरातही काही वेगळे नव्हते. त्यांच्या माजघराच्या भिंतीवर पुराच्या दोन खुणा होत्या, २००५ ची खाली आणि २०१९ ची तिच्या वर, आणि वरच्या खुणेपाशी पेन्सिलीने तारीख घातलेली होती. मी नकाशाला हात लावण्याआधी त्यांना नुसते विचारत गेलो. पाणी चढू लागले तेव्हा घरातले लोक कुठे गेले? वर जायचा जिना कुठे होता? बोट आली ती कोणत्या बाजूने आली? तेव्हा कळले की जिना मागच्या बोळात होता, बोळात बोट शिरत नव्हती, आणि म्हाताऱ्या आईंना पत्र्यावरून पुढे आणून खाली उतरवावे लागले होते. विजेचा मीटर आणि पाण्याची मोटर पहिल्याच दिवशी बुडाली होती, वर्षभराचे धान्य दुसऱ्या दिवशी.

त्यावरून घराची सगळी मांडणी ठरली. जोते अटीप्रमाणे उंच घेतलेच, शिवाय जिना रस्त्याच्या बाजूला आणला, त्याचा मधला टप्पा असा ठेवला की पुराच्या वेळी बोट थेट तिथे लागावी, मीटर व मोटर पहिल्या मजल्यावर नेली, कोठीची खोलीही वर घेतली. यात कितीतरी बैठका गेल्या, आणि प्रत्येक बैठकीत त्यांनी मला चहा-पोहे दिल्याशिवाय सोडले नाही. फीचा विषय निघाला तेव्हा ते अगदी प्रांजळपणे म्हणाले, "सही-शिक्क्याचे किती होतात तेवढे सांगा. बाकीचे काय, आपण नुसते बोलतच तर बसलो होतो." मधल्या काळात एक वास्तुशास्त्रवाले येऊन गेले आणि जिना ईशान्येला येतो म्हणून त्यांनी नापसंती दर्शवली, त्यांची दक्षिणा मात्र त्याच बैठकीत हातावर पडली. जिना अखेर पुन्हा मागच्या बोळात गेला. नकाशा मंजूर झाला, कारण बोळातला जिनाही नियमात बसत होता.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. 'घर पाहावे बांधून' म्हणतात ते खरेच आहे, आणि आयुष्यभराची पुंजी घालणारा माणूस दिसणाऱ्या वस्तूला पैसे मोजतो, न दिसणाऱ्या विचाराला मोजत नाही. पण कायदाही पाहा. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने आपल्याला दिले काय, तर उपाधी. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की हा कायदा उपाधीला संरक्षण देतो. नोंदणी नसलेल्याने घरांची रचना करू नये अशी मनाई त्यात नाही. पाच वर्षांच्या शिक्षणाने मिळाली ती पाटी. शिवाय २०२० च्या अखेरीस राज्यभराची एकत्रित नियमावली आली आणि तिच्यात लहान भूखंडांसाठी वास्तुविशारदाच्या दाखल्यावरच परवानगी देण्याची सोय झाली. ती सोय लोकांच्या हिताचीच आहे, पण तिच्यामुळे आपल्या सहीचे वजन वाढले आणि तिच्यामागच्या विचाराचे होते तेवढेच राहिले. इथल्या गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरच्या, वसाहतींत तर विचाराला वावच नसतो. २००१ च्या कायद्याने नियमित करायचे ते घर आधीच उभे असते, आणि आपण फक्त उभ्या घराचा नकाशा काढून त्याखाली सही करायची असते. माझ्या शेवटच्या काही वर्षांचे निम्मे काम हेच होते. पैसे वेळेवर येत, ही गोष्ट वेगळी.

संगणकाकडे मी वळलो तो ठरवून नव्हे. आपण नकाशे काढतो त्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये १९८६ पासून ऑटोलिस्प नावाची एक लहानशी प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. आपण कॉलेजात असताना तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. नकाशात गिऱ्हाइकाने एक भिंत सरकवली की क्षेत्रफळाचा तक्ता, चटई क्षेत्र निर्देशांकाचा (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम, त्या प्रमाणाचा) हिशेब, दारे-खिडक्यांची यादी, सगळे पुन्हा हाताने करायचे, या छळाला कंटाळून मी रात्री बसून ते आपोआप करणारा प्रोग्रॅम लिहिला. तो बरा चालतो असे पाहून गावातल्या दोन-चार जणांनी मागून नेला, आणि त्यातल्या एकाने मी काही न मागता पाकीट आणून दिले. वर म्हणाला, "यात तुमचं डोकं गेलंय." इतक्या वर्षांत हे वाक्य मला एकाही गिऱ्हाइकाकडून ऐकायला मिळाले नव्हते. तिथून पुढे पायथन शिकणे आणि या कंपनीपर्यंत पोचणे हा सगळा रटाळ भाग आहे, तो वगळतो.

नवे काम कसे आहे, हे तू विचारले नाहीस, तरी सांगतो. राष्ट्रीय इमारत संहितेत खिडक्यांचा नियम आहे : कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश इतके उघडझाप होणारे क्षेत्र हवे. प्रोग्रॅममध्ये हा एका भागाकाराचा नियम झाला, तो लिहायला दहा मिनिटे पुरली. पण गावभागातल्या घरांत खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत असते, खिडकी मापात असते आणि खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. समोरच्या भिंतीचे अंतरही तपासावे असा मी आग्रह धरला. तेव्हा आमच्या गटातल्या एका मुलीने शांतपणे विचारले की शेजाऱ्याचे घर नकाशात असते का. नसते, हे तुला ठाऊक आहे. असते ती फक्त हद्दीची रेषा. मग सामासिक अंतरावर, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेवर, समाधान मानावे लागले. अशा वादांतच माझा दिवस जातो, आणि खरे सांगायचे तर तो मजेत जातो. जो प्रश्न मी गिऱ्हाइकाच्या बैठकीत विचारला असता तोच इथे विचारतो, आणि तो विचारण्यासाठीच मला ठेवलेले आहे.

त्याच मुलीने मला सॉफ्टवेअरमधले 'पॅटर्न' शिकवले. एकच अडचण पुनःपुन्हा येते तेव्हा तिच्या उत्तराचा सांगाडा लिहून ठेवायचा आणि प्रत्येकाने तो आपापल्या जागी जुळवून घ्यायचा, अशी ती पद्धत. ही कल्पना क्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाकडून आली, हे तिला माहीत नव्हते. गणित शिकून वास्तुकलेत आलेला हा माणूस. सुरुवातीच्या काळात त्याने रचनेच्या आपल्या सिद्धांतासाठी गुजरातेतल्या बावरा या खेड्याचा अभ्यास केला होता. संगणकवाल्यांनी त्याची कल्पना उचलली आणि १९९६ साली त्याला सॅन होजेच्या परिषदेत भाषणाला बोलावले, तेव्हा त्याने त्यांनाच विचारले की तुमच्या या पॅटर्नांनी माणसांचे जगणे सुधारते आहे का. २०२२ मध्ये तो गेला. आपल्याला तो दुसऱ्या वर्षी शिकवला होता, परीक्षेपुरता.

तुझ्यापासून लपवायचे नाही म्हणून एका गोष्टीबद्दल लिहितो, जिने मला अजून स्वस्थता दिलेली नाही. स्लॅब पडला की चूक कायमची होते, या धाकात आपण वाढलो. स्लॅबच्या आदल्या दिवशी सळया मोजताना छातीत जे धडधडते ते मी अजून विसरलो नाही. इथे दर पंधरवड्याला नवी आवृत्ती जाते, चूक सापडली तर पुढच्या मंगळवारी दुरुस्त होते, आणि कोणी कोणावर ओरडत नाही. सुरुवातीला हे स्वर्गसुख वाटले. मग लक्षात आले की इथे कोणाचीच सही नसते. आमच्या प्रणालीने एखादा सदोष नकाशा बरोबर ठरवला, तर त्या नकाशाखाली नाव आमचे नसेल. ते कुठल्या तरी तालुक्याच्या गावी बसलेल्या तुझ्यासारख्या माणसाचे असेल. पूर्वी सही माझी होती आणि विचाराचे मोल नव्हते. आता विचाराचे मोल मिळते, पण सही दुसऱ्याची असते. म्हणून मी आल्यापासून एकच हट्ट धरला आहे की प्रणालीने नुसते 'मंजूर' म्हणून थांबू नये, कोणत्या कलमाखाली कोणते माप घेऊन ती त्या निष्कर्षाला आली हे ओळीने छापावे, म्हणजे सही करणाऱ्याला पडताळून पाहता येईल. निम्मी गोष्ट मान्य झाली आहे. उरलेल्या निम्मीवर पानभर कागद लागतो, असे कंपनीचे म्हणणे पडले.

नोकरकपातीची भीती तू घातलीस. भीती खरी आहे, २०२२-२३ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी माणसे कमी केली. पण २०१६ ची नोटाबंदी आणि २०२० ची टाळेबंदी आपण दोघांनी साइटवर काढली आहे. तेव्हा आपल्याला कोणी कामावरून काढले नाही इतकेच, काम मात्र नव्हतेच. ड्राफ्ट्समनचा पगार आधी आणि माझा उरला तर नंतर, या हिशेबाला मी आता विटलो होतो. आणि प्रत्येक कामाचा शेवटचा हप्ता 'गरज सरो, वैद्य मरो' या न्यायाने बुडायचाच. घरी आईला एवढेच हवे होते की मी सांगली सोडू नये, ते साधले. बाबांनी उतरवलेली पाटी माळ्यावर ठेवली आहे, भंगारात घालू दिली नाही. वास्तुकला परिषदेकडच्या माझ्या वास्तुविशारद म्हणून नोंदणीचे नूतनीकरणही मी केले आहे. त्यावर तू हसशील, हस.

आता तुझ्याकडे एक काम आहे. हरिपूरला संगमाच्या अलीकडे एका हळदीच्या व्यापाऱ्याचे घर अर्धे झाले आहे. काळी माती खोल असल्याने पाया मुरमापर्यंत नेला आहे, जोत्यापर्यंतचे काम नकाशाप्रमाणे झाल्याचा दाखला मिळाला आहे, आणि पहिला स्लॅब अक्षय्य तृतीयेच्या आत पडावा अशी त्यांची इच्छा आहे. मंडळी सरळ आहेत, पैसे वेळेवर देतात आणि जिना कुठे असावा यावर माझे ऐकले आहे. पुढचे काम तू हाती घ्यावेस असे मी त्यांना सुचवले आणि त्यांना ते पसंत आहे. माझे ना-हरकत पत्र, मंजूर नकाशांचा संच आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची रेखाचित्रे या पत्रासोबत पाठवतो आहे. फीचे बोलणे तू स्वतंत्रपणे कर, आणि बैठकांचे पैसे वेगळे लाव. मिस्त्री हाताचा चांगला आहे, पण सळई काँक्रीटच्या आत राहावी म्हणून तिच्याखाली ठेवायचे ठोकळे, कव्हर ब्लॉक, ठेवायला विसरतो. तेव्हा स्लॅबच्या आदल्या दिवशी तू स्वतः जा. मला आधी कळवलेस तर मीही येईन. जमेल की नाही, ते या आठवड्यात लिही, म्हणजे त्यांना सांगता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद