आमचं दुखणं ताटात शोधू नका : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सिन्नर तालुक्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. गेल्या आठवड्यात आमच्याकडे आरोग्य शिबिर झालं. माझा सुजलेला पाय पाहून तिथले डॉक्टर माईकवरून, अख्ख्या गावादेखत म्हणाले, ‘गुरुजी, पार्ट्या बंद करा आता. गाऊट खाण्यापिण्याने होतो.’ मांडवात हशा पिकला. गाऊट म्हणजे युरिक ॲसिड हा शरीरातला टाकाऊ पदार्थ रक्तात वाढून सांधे सुजण्याचा आजार.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. वडिलांच्या होती, आजोबांच्याही होती. आमच्या घरात मटण शिजत नाही, दारूचा थेंब कधी आला नाही. तरी तिघांचाही पायाचा अंगठा पन्नाशीच्या आत धरला. मागच्या शिबिरात जाहीर झालं होतं की युरिक ॲसिडची तपासणी आणि गोळ्या आरोग्य केंद्रात कायम मिळतील. केंद्रात दोन्ही नाहीत. मिळाला तो उपदेश, तोही चारचौघांत.

हे दुखणं म्हणजे काय, हे एकदा ऐकाच. मध्यरात्री जाग येते ती कळेनेच. अंगठ्याचं मूळ लालभडक, तकतकीत, हात लावू नये इतकं गरम. पांघरुणाचा काठ टेकला तरी कळ मस्तकात जाते. घरात कुणी दणदण चालत गेलं तर फरशीतून ठणका पोचतो. वडील एरंडाचं पान गरम करून बांधायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. निवृत्तिनाथांची पालखी आमच्या तालुक्यातून पंढरीला जाते. यंदा मी ओट्यावरूनच हात जोडले.

आता विज्ञान सांगतो, कारण शिबिरात ते कुणी सांगितलं नाही. गोठ्यातल्या बैलाच्या शरीरात युरिक ॲसिड फोडणारं युरिकेज नावाचं विकर असतं. माणसाच्या पूर्वजांत त्याचं जनुक दीडेक कोटी वर्षांपूर्वी बंद पडलं. म्हणून आपलं युरिक ॲसिड मूत्रपिंडांना आणि आतड्यांना बाहेर टाकावं लागतं. एसएलसी2ए9, एबीसीजी2 ही जनुकं युरिक ॲसिडची ने-आण करणारी प्रथिनं बनवतात. एबीसीजी2 मध्ये एका अक्षराचा बदल झाला की त्याच्या प्रथिनात 141व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी लायसिन येतं आणि ॲसिड बाहेर टाकणाऱ्या या पंपाची ताकद निम्म्यावर येते. मग ॲसिड रक्तात साठतं, डेसिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की सांध्यात स्फटिक धरतात. यात कुणाचा काय असंयम?

दारू आणि मांसाहाराने झटका येऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अभ्यास आला: माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकापैकी आहाराचा वाटा 1 टक्काही नाही, आणि नेहमीच्या जनुकीय फरकांचा जवळपास 24 टक्के. 2024 मध्ये 26 लाख लोकांच्या अभ्यासातून गाऊटशी जोडलेल्या 377 जागा जनुकसंचात सापडल्या. आणि आमच्याकडे अजून तूरडाळ, पालक बंद करा! डाळी-भाज्यांनी गाऊटचा धोका वाढत नाही, हे 2004 सालीच हजारो पुरुषांना बारा वर्षं तपासून दाखवलंय. गरिबाच्या ताटातून वरण काढून घेताना निदान एवढं तरी वाचा.

आनुवंशिक आजार सरकारला कळत नाही असंही नाही. सिकलसेलसाठी 2023 पासून राष्ट्रीय मोहीम आहे, आदिवासी भागात घराघरांत तपासणी होते, कार्डं मिळतात. चांगलंच आहे ते. मग गाऊटच्या केसपेपरवर ‘घरात आणखी कुणाला?’ एवढा एक रकाना का नाही? माझ्या आईला कधी त्रास झाला नाही. पाळी सुरू असेपर्यंत बाईला इस्ट्रोजेनचं संरक्षण असतं. बहिणीची पाळी गेली आणि तिचाही अंगठा धरला. तिलाही ‘वजन कमी करा’ म्हणून परत पाठवलं. युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल ही गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीतली गोळी तालुक्याला पोचत नसेल तर अत्यावश्यक कुणासाठी? फुले योजना दाखल झालेल्या पेशंटची. रोजच्या गोळीचा खर्च आमच्या खिशातून.

आरोग्य विद्यापीठ आमच्या नाशकात, म्हसरूळला. सिंहस्थासाठी हजारो कोटींच्या गोष्टी होतात. 2017च्या राष्ट्रीय धोरणात राज्यांनी बजेटचा 8 टक्के हिस्सा आरोग्यावर खर्च करावा असं होतं, तेही 2020 पर्यंत. तिथवर महाराष्ट्र पोचला नाही. पण 2022च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय मात्र याच राज्याच्या मंत्रिमंडळाने घेतला होता. सरकारं बदलतात. औषधाची खिडकी तशीच बंद, आणि दोष पेशंटचा.

माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा, निर्व्यसनी. खासगी लॅबमध्ये त्याचं युरिक ॲसिड 8.4 आलं. अजून त्याला झटका आलेला नाही. त्याला कुठल्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं, त्याची वर्षातून एकदा रक्ततपासणी कोण करणार आणि आमच्या केंद्रात गोळ्या कुठल्या तारखेपासून येणार, हे मला लेखी कळवा. आणि त्या डॉक्टरांना सांगा, पुढच्या शिबिरात त्याच माईकवरून गावाला खरं कारण सांगायचं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. सिन्नर, जि. नाशिक