बुवा, आमच्या आप्पांसाठी तुमचे आभार (आणि थोडं भांडणपण)

बुवांना नमस्कार,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "माझं काय त्यात, पांडुरंगानं केलं" म्हणून विषय संपवता आणि चहा मागवता, म्हणून म्हटलं सरळ लिहून टाकावं, सगळ्यांना वाचू दे. तुम्हाला मोबाईलवरचं बारीक अक्षर दिसत नाही हे माहितीय, नातवाला सांगा वाचून दाखवायला.

गोष्ट आप्पांच्या दारूची. गावात सगळ्यांना माहितीय त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही, आणि त्यांना विचारूनच लिहितेय. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीचं काम, दिवसभर भट्टीसमोर, सुटल्यावर अंग दुखतंय म्हणून एक क्वार्टर, मग चोर्ला घाटातनं येणारी गोव्याची स्वस्त बाटली घरातच, मग सकाळी हात थरथरतात म्हणून सकाळीपण. मी लॅबमध्ये कामाला, रोज लोकांचे लिव्हरचे रिपोर्ट टाईप करते, आप्पांचा गॅमा जीटी (दारूनं लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतो तो आकडा) बघून गाडी कुठं चाललीय ते मला कळत होतं. पण नुसतं कळून काय उपयोग, घरात पोरीचं कोण ऐकतंय.

आईनं तोवर देवाधर्माचं सगळं करून बघितलं होतं. एका बाबानं तर चांगले पैसे घेऊन पावडर दिली, नवऱ्याला कळू न देता चहातनं घाला म्हणून. असल्या पुड्यांत कधी कधी डायसल्फिराम असतं, ते पोटात असताना माणूस प्याला तर उलट्या, धडधड, बीपी खाली, जीवपण जाऊ शकतो. डॉक्टर ते औषध देतात, नाही असं नाही, पण पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनं. मी ती पुडी मोरीत ओतली तर आई माझ्याशी बोलायची बंद झाली.

अशात तुम्ही दारात आलात, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. खरं सांगते, मला वाटलं आला आणखी एक. आणि तुम्ही काय म्हणालात, "पोरी, डॉक्टर पहिला, माळ मागनं." रोज पिणाऱ्यानं एकदम तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, डिलीरियम ट्रेमेन्स म्हणतात त्याला, त्यात माणसं जातात. मला हे पुस्तकातनं माहीत होतं, तुम्हाला गावातल्या एका मरणावरनं. वॉर्डात आप्पा रात्री भिंतीवर मुंग्या चढतात म्हणून ओरडत होते तेव्हा नर्सला हाक मारायला, हात धरून बसायला तुम्ही होतात, सलाईन आणि व्हिटॅमिन बी-वनची इंजेक्शनं चालू आणि बाजूला तुमचा हरिपाठ, हळू आवाजात, शेजारच्या पेशंटला त्रास नको म्हणून.

माळ घातली ती घरी आल्यावर. मग मी लांबनं बघत राहिले की हे नक्की चालतं कसं. आप्पांची बाटली उघडायची वेळ संध्याकाळी सातची आणि तुमचा हरिपाठ पण सातलाच! ज्या दोस्तांबरोबर प्यायचे त्यांच्या जागी टाळकरी आले. आणि एखाद्या दिवशी गेले नाहीत की साडेसातला कोणीतरी दारात हजर, "आप्पा, बरं हाय न्हवं?" डिस्चार्ज झाल्यावर हॉस्पिटल कुणाच्या दारात येत नाही, त्यांना ते जमणारही नाही. त्यात माळकऱ्यानं दारू-मटण शिवायचं नाही, एकादशी धरायची, वर्षातनं एकदा तरी पंढरी गाठायची, आणि हे सगळं गावासमोर कबूल केलेलं, त्यामुळं दुकानदारपण बाटली द्यायला कचरायला लागला.

"आजच्या काळात धर्माचा काय उपयोग" असं कोणी विचारलं की मला हे साडेसातचं दार वाजणं आठवतं. माझा देवावर विश्वास बसलाय असं नाही हं, तुम्हाला वाईट वाटेल पण नाही बसला. अमेरिकेत 1935 साली दारू सोडणाऱ्यांनीच दारू सोडणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस काढलं, ते पण "आपल्याहून मोठ्या शक्ती"चं नाव घेतात आणि गोल बसून एकमेकांना धरून ठेवतात. 2020 मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (उपचारांवरचे अभ्यास तपासणारी संस्था) त्यावरचे अभ्यास एकत्र करून बघितले तर दारूपासून पूर्ण लांब राहण्यात ती पद्धत बाकीच्या उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतीत वरचढच निघाली. दुसरा एक अभ्यास 2016 चा, अमेरिकेतल्या सुमारे 75 हजार नर्सबायकांचा, आठवड्यातनं एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्यांत 16 वर्षांच्या काळात मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्के कमी. आता यात निरोगी बायकाच जास्त जात असतील, त्या बहुतेक ख्रिश्चन, त्यावरनं आपल्या हरिपाठाचं काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण माणसं नेमानं एकत्र येतात त्यात काहीतरी आहे, एवढं मी मानायला तयार आहे.

शिमग्याला आप्पा परत प्याले तेव्हा मंडळातलेच काहीजण म्हणाले, माळ काढून घ्या त्यांची. तुम्ही म्हणालात, "ताप उलटला म्हणून औषध गटारात टाकतंय काय कोण?" आणि दुसऱ्या दिवशी परत डॉक्टरकडं घेऊन गेलात. कोणी दुसरा बुवा असता तर पापी म्हणून हाकलला असता, आणि तो बाटलीकडंच गेला असता.

आता भांडण. तुम्ही म्हणता धर्म जोडतो. होय की, आपल्या भजनाला पलीकडच्या गावातले कानडी काका येतात, पुरंदरदासांचं पद म्हणतात, शेवटी "पुरंदर विठ्ठल" आलं की सगळे माना डोलावतात, सीमाप्रश्न निघतो तो थेट चहाच्या वेळी. पण त्याच विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडायला 1947 साल उजाडलं, तेही साने गुरुजी उपाशी बसल्यावर. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं पोरी देवदासी म्हणून सोडल्या जायच्या, 1982 साली कर्नाटकानं कायदा केला तो काय उगाच? अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या कन्नड विद्वान डॉ. कलबुर्गींना 2015 मध्ये धारवाडात दारात गोळ्या घातल्या, धारवाड काय लांब आहे वो आपल्याला? आणि लक्ष्मी यात्रा! देवी गदगेवर (यात्रेतल्या तिच्या जागेवर) बसायची म्हणून घराला रंग, पाहुणे, मटण, आहेर, आणि मग सोसायटीचं कर्ज फेडत बसायचं. तुम्ही स्वतः यात्रेत वरण-भातच करता, कोण काय म्हणतंय ते बघत नाही, पण कीर्तनात यावर एक शब्द बोलत नाही. बोला की. तुमचं ऐकतात, माझं कोण ऐकतंय. आणि भजनात पोरींना वीणा धरायचा मान कधी देणार ते पण सांगा, नुसतं "बघू" नको.

मावशींचे आभार राहिलेच. आप्पा हॉस्पिटलात असताना त्या आईजवळ येऊन बसायच्या, उपदेश नाही, काही नाही, भाकऱ्या थापायच्या आणि भांडी घासून जायच्या. इतकी वर्षं आईला कोणी विचारलंच नव्हतं की तुझं काय. आता आई पारायणाच्या स्वयंपाकात असते, तिथल्या बायका हिशोबावरनं भांडतात, आईपण भांडते, आधी घरात तोंडातनं शब्द काढायची नाही.

आप्पांचे रिपोर्ट चांगले आहेत, गॅमा जीटी नॉर्मलला आलाय. तुमची शुगर मात्र तुम्ही टाळताय, मावशींनी सांगितलंय मला सगळं. सोमवारी सकाळी लॅबमध्ये या, उपाशीपोटी. एकादशी होती म्हणून साबुदाणा खाल्ला, असलं काही चालणार नाही. पैसे घेणार नाही, आणि डॉक्टर पहिला हे तुमचंच वाक्य आहे.

तुमची,
आप्पांची थोरली