अँडरसनच्या ध्रुपदातला आघात

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८५० सालच्या देशगीताचा तुझा अनुवाद मिळाला. चारही कडवी मूळ डॅनिशशेजारी ठेवून मोठ्याने वाचली आणि मनापासून आवडली. मात्र ध्रुपदाची ओळ मुळातच अडखळते म्हणून तू ती सरळ करून घेतलीस, हे मला पटले नाही. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

आपला कान लघु-गुरू मोजतो, तर डॅनिश छंद आघातावर, म्हणजे अक्षर उच्चारताना दिलेल्या जोरावर, चालतो. 'ई दानमार्क एर याय फ्योट, देर हार याय येमे' (डेन्मार्कमध्ये मी जन्मलो, तिथेच माझे घर) या पहिल्या ओळीत ११ अक्षरे आणि ५ आघात आहेत. एक अक्षर हलके, पुढचे ठाशीव, अशी तिची चाल आहे. दुसरी ओळ १० अक्षरांची असून ती आघातावरच संपते. त्यामुळे पहिल्या-तिसऱ्या ओळींचे येमे-स्तेमे हे यमक हळुवार विरते आणि दुसऱ्या-चौथ्या ओळींचे गोर-नोर हे ठामपणे थांबते. पाचवी ओळ, 'दू दान्स्के, फ्रिस्के स्त्रान', एकदम ६ अक्षरांवर येते. या 'स्त्रान'चे, म्हणजे किनाऱ्याचे, यमक लगेच जुळत नाही; मध्ये दुसऱ्या यमकाच्या दोन ओळी जातात आणि मगच शेवटच्या ओळीतले 'फेद्रेलान', म्हणजे पितृभूमी, त्याला येऊन मिळते.

आता ती ओळ पाहा: 'दाय एल्स्कर याय! दानमार्क, मित फेद्रेलान!' 'तुझ्यावर माझे प्रेम आहे' इथपर्यंत लय बिनचूक आहे. पण 'याय'वरच्या आघाताला लागून, केवळ एका विरामानंतर, 'दान'वरचा आघात येतो आणि दोन आघात एकमेकांवर आदळतात. पहिल्या ओळीत देशाचे नाव 'ई' या हलक्या अक्षराचा आधार घेऊन लयीत बसले होते. इथे ते निराधार उभे राहते. श्लेस्विग प्रांतावरून डेन्मार्कचे युद्ध १८४८ पासून चालू होते आणि तिसऱ्या कडव्यात कवी देशाला 'आता तुला दुबळा म्हणतात' असे सांगतो, हे लक्षात घेतले, तर संकटातल्या माणसाला हाक मारावी तसे ते नाव ऐकू येते. चारही कडव्यांच्या शेवटी ही हाक येते, आणि माझ्या मते कवितेचा प्राण तिथेच आहे.

चौथ्या कडव्यात पहिल्या चार ओळींची यमके जशीच्या तशी परततात, पण 'तिथे'चे 'जिथे' होते आणि देशाविषयीचे निवेदन थेट देशाशी बोलणे बनते. तू तिथे नवी यमके योजली आहेस, ती सुंदर आहेत. तरीही पहिलीच परत आण, कारण वाचकाला तेच शब्द पुन्हा भेटल्याशिवाय हा बदल जाणवणार नाही.

ध्रुपदात 'डेन्मार्क'पूर्वी तू घातलेला 'हे' तेवढा काढ, ओळ एकदा मोठ्याने वाच आणि कशी वाटते ते कळव.

तुझा,
माधव